दार चौकाकडे

मी आणि माझी बस एकाच वर्षी निवृत्त झालो. मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बसच्या काचेवर कुणीतरी खडूने लिलावाचा आकडा लिहिला आणि तिला डेपोच्या मागे बाभळीखाली नेऊन उभं केलं.

शहरातली बस मोडीत निघाली की तिचं पुढे काय होतं, हे सहसा कुणी बघायला जात नाही. बहुतेकींचं सरळ असतं. गॅसकटर लावतात आणि दोन दिवसांत तुकडे. पण काही वाचतात. वैरागच्या रस्त्याला एकीत कोंबड्या राहतात. खिडक्यांना जाळी मारली आहे आणि कोंबड्या ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या दांडीवर अगदी उभ्याने प्रवास करणाऱ्यांसारख्या दाटीवाटीने बसतात. एकीचं वीटभट्टीवर मुकादमाचं ऑफिस झालंय. एकीचं हायवेला हॉटेल झालं. ‘चालतं-फिरतं’ असं नाव दिलं आणि चाकं काढून विकली. आमच्या भवानी पेठेत गल्लीच्या तोंडाला एक न्हावी आहे, त्याने बसची दोन बाकं आणून गिऱ्हाइकांसाठी मांडलीत. वरची ‘स्त्रियांसाठी राखीव’ ही पट्टी त्याने काढली नाही. तिच्याखाली रोज चार बाप्ये दाढीला बसलेले असतात. मी येताजाता त्यांना उठा म्हणते. पहिल्या वेळी दोघं खरंच उठले होते.

माझ्या बसचं जे झालं, त्यात मात्र माझा हात आहे. तो कसा, ते लिहायला बसले आहे.

अठरा वर्षं मी कंडक्टर होते. खाकी साडी, खांद्याला चामडी पिशवी, गळ्यात शिट्टी. तेव्हाच्या मला वाटायचं की गाडी ड्रायव्हर चालवत नाही, मी चालवते. घंटी मी देणार, शिट्टी मी मारणार, तो बिचारा नुसता चाक फिरवणार. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली की पुरुषमाणसं उतरून भिंतीकडे जायची. मी आत बसून केसांच्या पिना काढायची आणि परत लावायची. पहाटे निघताना अर्धा कप चहा, मग दुपारी घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. वाईट वाटायचं सोडा, मला त्याचा अभिमान होता. नव्या लागलेल्या पोरींना मी सांगायची, शरीराला वळण लावावं लागतं, त्याला टाइमटेबल शिकवावं लागतं. त्यातल्या एकीला पुढे मूतखडा झाला. मी म्हणाले, तिला वळण नव्हतं. अशी बाई आज माझ्यासमोर आली तर तिच्याच शिट्टीची दोरी धरून मी तिला दोन हेलकावे देईन.

आणि दार. दाराचं मला वेड होतं. दारात उभं राहायचं नाही, दारात सामान ठेवायचं नाही, पायरीवर पाय ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. थांब्यावर गाडी लागली की दार बरोबर माणसांच्या तोंडासमोर आलं पाहिजे. चार पावलं पुढे गेली तर मी ड्रायव्हरला तिथल्या तिथे सुनवायची.

या दारावरूनच माझी आणि आक्काची ओळख झाली. म्हणजे भांडण झालं. आक्का अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून टेम्पोने नाक्यापर्यंत यायची आणि तिथून माझ्या पहिल्या फेरीने भाजीबाजारात. कोथिंबीर, मेथी, शेपू, चुका. घरी शेळ्या-मेंढरं, नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. भाव कन्नडमध्ये पुटपुटायची आणि भांडायची मराठीत. सगळा बाजार तिला आक्का म्हणायचा. तिचं टोपलं रोज दारात असायचं आणि मी रोज ते पायाने आत ढकलायची. ती म्हणायची, “बाई, तुमचं दार लई सोवळं हाय की.” मी म्हणायची, दार सोवळंच असतं. असं अकरा-बारा वर्षं चाललं. त्याला मैत्रीच म्हणायला हवं.

निवृत्तीनंतर घरात माझं कुणाशी जमेना. सून काही बोलायची नाही, पण मी स्वयंपाकघरात गेले की ती बाहेर यायची. मग मी सकाळी बाजारात जाऊन आक्काच्या शेजारी बसू लागले. मेथीच्या जुड्या बांधायच्या, गिऱ्हाइकांना रांगेत उभं राहायला सांगायचं. आक्काची जागा कोपऱ्यावरची, अगदी चौकाच्या तोंडाची. सासूमागे तिच्याकडे आलेली. त्या जागेला पाटी नव्हती, कागद नव्हता. रोज येऊन पोतं पसरणं हाच तिचा कागद. बाजाराची रीतच तशी आहे. कुणी आठ-दहा दिवस दिसलं नाही की त्या जागी दुसऱ्याचं पोतं पसरतं, आणि मग कुणी कुणाला उठवत नाही.

हे सांगते, कारण आक्काला आता रोज बाजारात येणं जड जाऊ लागलं होतं. तिला सारखी लघवीची जळजळ व्हायची, ताप यायचा. बाजारात बायकांना जायला कुठेच जागा नव्हती. बंद पडलेल्या मिलच्या भिंतीमागे उजाडायच्या आत जाऊन यायचं आणि मग दिवस मावळेपर्यंत काही नाही. म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. आणि आपलं सोलापूर, चैत्रात दगड तापतात. आक्का एकदा दवाखान्यातून आली, पोतं पसरलं आणि गिऱ्हाइकाकडे न बघता मला म्हणाली, “डाक्टर म्हनतो पानी पी. रोज धा-बारा गलास पी म्हनतो. पिते की. पिऊन जाऊ कुटं, त्ये बी सांग म्हनावं.”

मग हळू आवाजात म्हणाली की मुलगा घरी बस म्हणतोय. घरी बसले तर जागा गेली. जागा गेली की सुनेनं ताट वाढलं तर जेवायचं.

सुनेचं ताट काय असतं ते मला ठाऊक होतं. मी तिथल्या तिथे उठले. अठरा वर्षं मी स्वतः हे सोसलं आणि त्याला वळण म्हणाले. आक्कामुळे पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की याला दुसरा इलाज असू शकतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी कायमच थोडी उशिरा सुटणारी गाडी.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक तेलाचे व्यापारी होते. त्यांना आईच्या नावाने काहीतरी करायचं होतं. पाणपोई करायची म्हणत होते. मी त्यांना जाऊन म्हणाले, शेठ, पाणी आत जायची सोय सगळेच करतात, बाहेर यायची कुणी करत नाही. ते आधी लाजले, मग हसले, मग कबूल झाले. खोली बांधायला जागा आणि परवानगी मिळणं कठीण. मीच सुचवलं की एक जुनी बस घ्या, आत भांडी बसवा, वर टाकी ठेवा, झालं. भंगारवाल्याच्या आवारात सहा बस होत्या. त्यातली एक खणखणीत होती, तळाचा पत्रा नवा टाकलेला. मी आपलीच घ्यायला लावली. तिच्या मागच्या चाकावरचा पत्रा कुजला होता, तो बदलावा लागला. पण ही माझी बस, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. जणू सरकारने मला सन्मानाने बहाल केली होती.

आतलं काम छान झालं. उजव्या बाजूने तीन कप्पे, प्रत्येकाला कडी, एक बेसिन, एक आरसा. ड्रायव्हरच्या जागेमागे टाकीचा लोखंडी सांगाडा. बाहेर गुलाबी रंग. एका बाजूला मोठ्या अक्षरांत ‘महिलांसाठी’. इंजीन अजून धुगधुगत होतं, तेवढ्यावर ती शेवटची चालत आली.

चालवत आणली माझ्या जुन्या ड्रायव्हरने. त्याला सगळे चाचा म्हणायचे. आठ वर्षं आम्ही एका गाडीवर होतो आणि त्यात त्याने माझं ऐकलं नाही असं फारसं झालं नाही. जागा ठरली होती मिलच्या भिंतीला लागून, चौकाच्या समोर. चौकात चहाची टपरी, तिची बाकं, शेजारी रिक्षास्टँड. गाडीचं नाक पूर्वेला केलं तर दार भिंतीकडे जात होतं, मध्ये दोन माणसं जातील एवढी बोळ सुटत होती. नाक पश्चिमेला केलं तर दार चौकात उघडत होतं.

मी शिट्टी घालून गेले होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी. मागे उभी राहून पत्र्यावर थाप मारत मी गाडी घेऊ लागले. येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या. सगळा बाजार बघत होता. चाचाने मध्येच गाडी थांबवली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

“बाई, मुँह उधर कू करूं क्या? दरवाजा दीवार कू जाएगा. औरतां कू अच्छा पडता.”

“चाचा, तुम्ही स्टेअरिंग बघा,” मी म्हणाले. “दार कुणीकडं ते कंडक्टर सांगतो. भिंतीकडं दार करून उभी राहिलेली बस बघितलीत का कधी जन्मात?”

“नहीं देखी,” चाचा म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

दार चौकाच्या बरोबर मध्यावर आलं, तसूभर इकडे-तिकडे नाही. मी पत्र्यावर शेवटची थाप मारली. टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तेव्हाच्या त्या बाईने, सांगायला लाज वाटते, मान लववून त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी चाकं काढली, खाली दगडी ठोकळे घातले, इंजीन उतरवून नेलं. मैल्यासाठी खणलेल्या खड्ड्याचे पाइप जोडून त्यावर सिमेंट ओतलं. शेठनी दाराच्या शेजारी आईच्या नावाची संगमरवरी पाटी लावली. उद्‌घाटनाला बाजारातल्या बायकांनी हळदीकुंकू केलं. नवीन गाडीसारखी तिची पूजा केली. चाकं नसताना ठोकळ्यांपुढे लिंबं ठेवली. आक्काने बेसिनच्या नळाला कुंकू लावलं. सगळ्याजणी आत चढून आरशात बघून आल्या. त्या दिवशी बाजार अर्धा तास उशिरा सुरू झाला.

आणि मग कुणी आलं नाही.

पहिले दोन दिवस मला वाटलं, नवी नवलाई, बुजत असतील. मी सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसले. हात धुवायला साबण ठेवला. तिसऱ्या दिवशी एक कांदेवाली आली, तिने पायरीवर पाय ठेवला आणि टपरीवरून कुणीतरी हाताने घंटी ओढल्यासारखं करून ओरडलं, “जाऊ द्या.” सगळे हसले. तिने पाय खाली घेतला आणि मला विचारलं, बाई, किती वाजले. जणू तेवढंच विचारायला आली होती.

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण कळायचं यंत्र माझ्यात उशिरा बसवलेलं. मला वाटलं, बायका भित्र्या आहेत, यांना वळण नाही. मी स्वतः चढून दाखवायचं ठरवलं. भर बाजारात, साडी सावरत, पायरी चढले, आत गेले, कडी लावली. बाहेर एकदम शांत झालं. त्या शांततेत मला ऐकू आलं की टपरीवर चहा गाळतायत. मग मला कळलं की जसा मला त्यांचा चहा ऐकू येतोय, तसं त्यांनाही ऐकू जाणार. मी आत पाच मिनिटं नुसती उभी राहिले. बाहेर आले तर चौकात तीसेक डोळे. एकाने आदराने विचारलं, “आजी, तिकीट कितीचं?”

एवढं होऊनही मी रागावले ते बायकांवर. चौकात रागवायची सवय होती ना. आक्काच्या पोत्यासमोर उभी राहून मी मोठ्याने बोलले. तुमच्यासाठी मी व्यापाऱ्याचे पाय धरले, आरसा लावला, साबण ठेवला आणि तुम्ही परत त्या भिंतीमागेच जाता, तुम्हाला चांगलं काही सोसतच नाही. असलं बरंच. आजूबाजूच्या बायका माना खाली घालून जुड्या बांधत राहिल्या.

आक्काने माझं सगळं ऐकून घेतलं. हातातली मेथी खाली ठेवली.

“बाई, समद्या चौकाम्होरं चढायचं. आत काय करतीया त्ये समद्यांला ठावं. उतरायचं त्येबी समद्यांनी बघायचं. आमी आडोसा मागितला हुता. तुमी ष्टँड दिला.”

 मी दार ज्या बाजूला केलं होतं त्या बाजूला बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दाराकडे मी प्रवाशाच्या नजरेने बघत होते.

त्या दुपारीच मी चाचाला बोलावून आणलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, ठोकळ्यांना पायाने ठोकलं, सिमेंटवर हात फिरवला. त्याने मला काही म्हणून दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त सांगितलं, “अब ये गाडी नहीं, घर हो गई बाई. घर कू रिवर्स नहीं रहता.”

मी गोणपाटाचा पडदा बांधला. वाऱ्याने तो दोन दिवसांत फाटला, वर टपरीवाल्याच्या छपरावर जाऊन बसला. मग मी शेठकडे गेले. भिंतीच्या बाजूने नवं दार कापू या म्हणाले. उजवीकडचे कप्पे काढून डावीकडे घ्यावे लागतील, पाइप फिरवावे लागतील, पण होईल. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, दार मागे गेलं तर पाटी कुठे जाणार? मी म्हणाले, पाटी दारापाशी, म्हणजे मागे. ते म्हणाले, “आईंचं नाव भिंतीला वाचायला लावू का मी?”  मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर फार नाही. चौकाला दिसलं पाहिजे, ही हौस त्यांच्याआधी माझी.

टपरीवाल्याला बाकं पलीकडे न्यायला सांगून पाहिलं. तो म्हणाला, बाकं आधीपासूनची आहेत, बस नंतर आली.

त्या उन्हाळ्यात आक्का पाण्याशिवाय बसत राहिली. मी तिला सांगायची, भवानी पेठेत माझ्या घरी चल. ती म्हणायची, जायला-यायला पाऊण तास, तेवढ्यात माल कोण बघणार? मी बसते, तू जा, म्हणाले. दोनदा गेली. दुसऱ्यांदा माझी सून दारात येऊन “आत्ता?” एवढंच म्हणाली. त्यानंतर आक्का पुन्हा माझ्या घरी गेली नाही.  सुनेला बोलायला मला तोंड कुठलं होतं?

एका सकाळी जुडी देता देता आक्का बाजूला कलली. अंग फणफणलेलं. रिक्षात घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. एक मूत्रपिंड जवळजवळ गेलेलं, असं डॉक्टर तिच्या मुलाला सांगत होते. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी कोण हे त्याला माहीत नसावं. त्याला वाटलं मी गिऱ्हाईक. मी तसंच वाटू दिलं.

ती पंधरा दिवस आत होती. नवव्या की दहाव्या दिवशी तिच्या कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाची ताडपत्री पसरलेली होती. मी त्याला सांगितलं, ही आक्काची जागा आहे. तो म्हणाला, कोण आक्का? शेजारच्या बायकांनी आपापली पोती नीट केली. रीत ती रीत.

बस रिकामी राहिली असं मात्र नाही. आधी टपरीवाल्याने तिच्यात सिलिंडर ठेवले. मग रिक्षावाले जाऊ लागले. त्यांना चौकाकडचं दार फार सोयीचं. चढताना बोलत असतात, आतून बोलत असतात, उतरून तेच वाक्य पुढे चालवतात. वर्षाभराने कुणीतरी ‘महिलांसाठी’वर पांढरा पट्टा मारला आणि वर ‘पुरुष’ लिहिलं. माझ्या लेकीची लेक जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत राहते. तिच्या फ्लॅटमध्ये तीन माणसांना दोन संडास. तिला ही गोष्ट सांगितली तर ती खो खो हसली. म्हणाली, आजी, तू गावातली सगळ्यात चांगली मुतारी बांधलीस. मीही हसले. हसण्यासारखंच आहे.

मागच्या हिवाळ्यात मी आक्काच्या गावी गेले. ती घरामागे शेळ्यांजवळ बसली होती, बारीक झाली होती. मुलाने परसात संडास बांधलाय, त्याचं दार शेताकडे. ते तिने मला आधी दाखवलं. मी माफी मागायची म्हणून गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती. तिथे बसल्यावर मी शेळ्या किती दूध देतात ते विचारलं.

ती म्हणाली, “पानी लई पिते आता. दुसरं काम काय हाय?” मग शेळीच्या पाठीवरचा गोचीड काढता काढता, “माज्या जाग्यावर कोन बसतंय?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “मोकळी आहे.”

“बाजारात कोपरा मोकळा ऱ्हातोय व्हय? बाई, तुमाला खोटं बोलाय बी येत न्हाय.” ती रागावली नव्हती. “जो कोन हाय त्याला सांगा. तितली डाव्या अंगाची फरशी हलती. पाऊस झाला की खाली पानी साठतंय, माल भिजतोय. विटंचा तुकडा घालाय लागतो.”

मी सांगते म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन खरंच सांगितलं. तो कव्हरवाला मोबाइलमध्ये बघत बरं म्हणाला. वाईट माणूस नाही. दिवसभर बसतो, बाटलीभर पाणी पितो, उन्हाळ्यात दोन बाटल्या. दोन-तीन तासांनी उठतो, शेजारणीला जरा बघा म्हणतो, चौक ओलांडतो आणि दोन मिनिटांत ओले हात झटकत परत येतो. शेजारीण शेपूवाली आहे. तो येईपर्यंत ती त्याची कव्हरं सांभाळते. स्वतः उठत नाही.